आधी मोठा आकडा शोधा

वाचकांचे प्रश्न

उन्हाळ्यावरचा लेख छापून आल्यापासून हवामानबदलाविषयी पत्रं येताहेत. त्यांतली सहा या अंकासाठी घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत, गावं तेवढी दिली आहेत. फोंड्याला उच्च माध्यमिकच्या मुलांना मी अनेक वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. तिथे एकक लिहिल्याशिवाय उत्तराला गुण मिळत नसत. इथेही टन, किलो, युनिट लिहूनच बोलू.

साखळीहून एक वाचक: बाई, माझा मुलगा सांगतो की दरवर्षी हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी माणसाचा वाटा पाचच टक्के आहे, उरलेला झाडं, माती आणि समुद्र सोडतात. मग माणसाच्या नावाने एवढी हाकाटी कशासाठी? आणि वाढलेला वायू माणसानेच सोडला हे ओळखायचं कसं? वायूवर शिक्का थोडाच मारलेला असतो!

पाच टक्क्यांचा आकडा खरा आहे. त्यावरून मुलाने काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, कारण त्याने जमेची बाजू पाहिली आणि खर्चाची सोडली. जंगलं, माती आणि समुद्र मिळून वर्षाला सुमारे 750 अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतात आणि तितकाच परत ओढूनही घेतात. माणूस सुमारे 40 अब्ज टन सोडतो आणि परत काही घेत नाही. गच्चीवरच्या टाकीत जेवढं पाणी चढतं तेवढंच घरात वापरलं जात असेल, तर पातळी वर्षानुवर्षं तिथेच राहते. त्यात एक बारीक नळी वेगळी सोडून द्या. पाणी चढायला लागतं आणि एक दिवस टाकी वाहते. नळी मुख्य पाइपाच्या पाच टक्केच होती, हे तेव्हा सांगून उपयोग नसतो.

आपण सोडलेल्या 40 अब्ज टनांतला निम्म्याहून थोडा अधिक भाग झाडं आणि समुद्र पोटात घेतात. हे त्यांचे उपकारच आहेत. उरलेला भाग हवेत साठतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख रेणूंत या वायूचे सुमारे 280 रेणू होते. 1958 मध्ये शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांतल्या मौना लोआ पर्वतावर रोजची मोजणी सुरू केली, तेव्हा ते 315 होते. आज ते 420 च्या पुढे आहेत. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या जुन्या हवेचे बुडबुडे तपासले, तर मागच्या आठ लाख वर्षांत हा आकडा कधी 300 च्या फारसा वर गेलेला दिसत नाही.

आता शिक्क्याचं. शिक्का असतो, आणि एक नव्हे, तीन असतात.

पहिला कार्बन-14 चा. (कार्बनचे अणू कमी-जास्त वजनाचे असतात; 12, 13, 14 हे आकडे त्या वजनाचे.) अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे वातावरणाच्या वरच्या थरांत किरणोत्सारी कार्बन-14 तयार होत राहतो. झाडं तो घेतात, झाडांकडून तो आपल्यात येतो. सुमारे 5,700 वर्षांत तो निम्मा होतो. कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पडून असल्यामुळे त्यांत तो उरलेलाच नसतो. कोळसा जाळला की हवेत कार्बन-14 नसलेला कार्बन मिसळतो आणि कार्बन-14 चं प्रमाण पातळ होतं. रसायनशास्त्रज्ञ हान्स सूस यांनी 1955 मध्ये झाडांच्या लाकडात हे दाखवून दिलं. दुसरा शिक्का कार्बन-13 चा. झाडं हलका कार्बन-12 अधिक पसंत करतात, म्हणून झाडांपासून बनलेल्या कोळशातही कार्बन-13 कमी असतो. हवेतलं त्याचं प्रमाण घटत चाललं आहे.

तिसरा शिक्का ऑक्सिजनचा, आणि मला तो सगळ्यांत पटतो, कारण तो आठवीच्या मुलालाही कळतो. काहीही जाळायला ऑक्सिजन लागतो. ज्वालामुखीतून किंवा समुद्रातून वायू येत असता तर ऑक्सिजन खर्च झाला नसता. हवेतला ऑक्सिजन अगदी किंचित पण न चुकता घटतो आहे, आणि इंधन जाळण्याच्या हिशेबाशी ती घट जुळते. (श्वास कोंडण्याची काळजी नको. घट दहा लाखांत मोजावी लागते इतकी लहान आहे.) ही मोजणी उभी केली कीलिंग यांच्या मुलाने, राल्फ कीलिंग यांनी.

सूर्यच जास्त तापला असेल, असं कुणी म्हणालं तर मुलाला सांगा: सूर्य तापला असता तर वातावरणाचे सगळे थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा, स्थितांबर, थंड होतो आहे. कार्बन डायऑक्साइड वाढला तर असंच घडेल, हे हवामानशास्त्रज्ञ स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी 1967 मध्ये गणित करून आधीच सांगितलं होतं. मानाबे यांना 2021 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आधी भाकीत आणि मग मोजमाप, या क्रमाला मी विज्ञानात फार किंमत देते.

पर्वरीहून एक वाचक: आम्ही चौघं. टू बीएचके फ्लॅट, दोन एसी, एक गाडी, एक स्कूटर. एप्रिल-मे महिन्यांत विजेचं बिल 450 युनिटपर्यंत जातं. मुलगी शाळेतून कार्बन फूटप्रिंट शिकून आलीय. चार्जरचं बटण बंद कर, स्ट्रॉ नको, यावरून घरात रोज वाद. खरंच काय केलं तर फरक पडेल?

मुलीला आधी शाबासकी द्या. मग तिला वही घेऊन शेजारी बसवा आणि दोघी मिळून बेरीज करा.

देशभराच्या सरासरीने विजेच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. 450 युनिटांचे झाले 315 किलो. पेट्रोलच्या एका लिटरमागे 2.3 किलो. गाडीला महिन्याला 60 लिटर लागत असतील तर 138 किलो, स्कूटरला 15 लिटर धरले तर 35. स्वयंपाकाच्या 14.2 किलोच्या सिलिंडरमागे सुमारे 42 किलो. म्हणजे उन्हाळ्यात तुमच्याकडे एकटी वीज बाकी तिघांच्या बेरजेला मागे टाकते. चार्जर वर्षभर नुसता लावून ठेवला तरी दोन युनिटांच्या आसपासच खातो. स्ट्रॉचा प्रश्न कचऱ्याचा आणि समुद्रातल्या कासवांचा आहे. तो खरा आहे, पण या वहीतला नाही.

गोव्यात वीज जवळजवळ बनतच नाही. ती कोरबा, विंध्याचल अशा दूरच्या औष्णिक केंद्रांतून तारांवरून येते. त्यामुळे पर्वरीत एसी लावला की धूर छत्तीसगड-मध्य प्रदेशात निघतो आणि आपल्याला तो कधी दिसत नाही.

तेव्हा सुरुवात एसीपासून. तापमान एका अंशाने वर ठेवलं की सुमारे 6 टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं. आपल्याकडे माणूस उकाड्यापेक्षा घामाने जास्त हैराण होतो. म्हणून 20 वर ठेवून पांघरूण घेण्यापेक्षा 26 वर ठेवून पंखा चालू ठेवा. जुना पंखा 75 वॅट घेतो, नव्या पद्धतीच्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. पावसाळ्यात हवा थंड पण ओली असते, तेव्हा ड्राय मोड पुरतो.

यापेक्षाही मोठी एक गोष्ट बिलात येत नाही, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. ती म्हणजे एसीतला गॅस. बऱ्याच जुन्या यंत्रांत आर-22 आहे. तो शंभर वर्षांच्या हिशेबाने किलोला किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,800 पट ऊब धरतो, शिवाय ओझोनलाही घातक आहे. नव्या यंत्रांतला आर-32 ओझोनला धक्का लावत नाही, तरीही सुमारे 700 पट ऊब धरतो. दीड टनाच्या एसीत साधारण 800 ग्रॅम आर-32 असेल आणि तो सगळा गळून गेला, तर 560 किलोंची भर पडली. तुमचं सगळं घर उन्हाळ्याच्या एका महिन्यात जेवढं सोडतं, त्याहून ही जास्त आहे.

किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत बाहेरच्या युनिटची कॉइल लवकर कुजते. दर मे महिन्यात आपल्याकडे एकच वाक्य ऐकू येतं, "गॅस संपला, भरून घेतला." मला हे वाक्य मनापासून खटकतं. एसीतला गॅस वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे तो कुठून तरी गळतो आहे. दुरुस्तीला येणाऱ्याला सांगा: आधी गळती शोध, नळ्यांच्या जोडावरचे फ्लेअर नट तपास, नायट्रोजनने दाब देऊन बघ, मग व्हॅक्यूम कर आणि शेवटी गॅस भर. घर बदलताना एसी काढायचा असेल तर पंप डाऊन करून गॅस बाहेरच्या युनिटमध्ये कोंडून घ्यायला लावा. नळी कापून गॅस हवेत सोडणारे आहेत, त्यांना काम देऊ नका. आर-32 सारख्या वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटवण्यासाठी 2016 मध्ये रवांडातल्या किगालीला करार झाला आणि भारताने 2021 मध्ये त्याला मान्यता दिली. आपल्या गच्चीवरचं काम मात्र आपल्यालाच बघावं लागणार.

गच्चीवरून आठवलं. सोसायटीच्या पुढच्या सभेत सौर पॅनलचा विषय मांडा. एक किलोवॅटला वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज मिळते. जुलैत ती खूप खाली जाते, मार्च-एप्रिलमध्ये ती कसर भरून निघते. लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांचा सामाईक मीटर त्यावर सहज चालू शकतो. 2024 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत स्वतंत्र घराला तीन किलोवॅटसाठी 78,000 रुपयांचं अनुदान आहे, आणि सोसायटीच्या सामाईक वापरासाठी वेगळा दर आहे.

मडगावचा एक विद्यार्थी: मॅडम, मुंबईला शिकायला जातोय. वर्षातून चार-पाच वेळा ये-जा होईल. विमान स्वस्तात मिळतं कधी कधी. रेल्वेने खरंच किती फरक पडतो?

बराच पडतो. भरलेल्या विमानात गोवा-मुंबई एका खेपेला माणशी ढोबळमानाने पन्नास-साठ किलो कार्बन डायऑक्साइड येतो. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण 2022 मध्ये पूर्ण झालं, तेव्हापासून कोकणकन्या किंवा मांडवीने गेलास तर तो आकडा दहा किलोंच्या आतबाहेर राहतो, आणि ग्रिडमधला कोळसा जसजसा घटेल तसतसा आणखी उतरेल. विमान मात्र पुढची कित्येक वर्षं केरोसीनवरच उडणार. गाडीने एकट्याने जाणं विमानापेक्षाही वाईट, चौघं मिळून गेलात तर माणशी वीस-पंचवीस किलो. चतुर्थीचं तिकीट उघडल्या दिवशीच काढ, नंतर मिळत नाही आणि मग विमानावाचून पर्याय उरत नाही.

सावईवेऱ्याहून एक आजी (पत्र नातीने लिहून दिलं आहे): आमचं कुळागर (माडा-पोफळीची बाग) आहे. आंघोळीचं पाणी अजून भाणात तापतं, खाली सोडणं (नारळाची सालं) आणि चुडतं (सुकी झावळं). बंगळूरचा नातू म्हणतो, आजी, तू रोज कार्बन सोडतेस. बाई, मी खरंच पाप करते का गं?

आजी, नाही हो. नातवाला माझा निरोप द्या.

सोडणात जो कार्बन आहे तो तुमच्याच माडाने वर्ष-दोन वर्षांपूर्वी हवेतून घेतलेला. तुम्ही जाळला, तो हवेत गेला, पुढच्या नारळात परत आला. हा फेरा चालूच असतो. कोळसा आणि पेट्रोल यांची गोष्ट निराळी, कारण त्यांतला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला होता आणि तो परत गाडला जात नाही. माणशी पंधरा लिटर पाणी गीझरवर तापवलं तर सुमारे पाव किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. चार माणसांच्या घरात महिन्याला तीस किलो. तेवढे तुम्ही दर महिन्याला वाचवत आहात, तेही नारळाचा वाया जाणारा भाग वापरून.

माझी काळजी दुसरी आहे, आजी, तुमच्या छातीची. धुरातले बारीक कण फुप्फुसात जाऊन बसतात, आणि तीच काजळी हवेत राहून ऊनही शोषते. म्हणून सोडणं पावसाआधी माडीखाली रचून कडक वाळवा. ओलं सोडण नुसतं धुमसतं. न्हाणीला धुराडं नसेल तर नातवाला सांगून बसवून घ्या, त्याच्या हातून तेवढं काम होऊ दे. चूल पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी वापरत असाल तर ती आजपासून बंद, त्या धुरात विष असतं. उरलेला पालापाचोळा जाळू नका. पोफळीच्या आळ्यात घाला, तुम्ही ते घालतच असाल. स्वयंपाक मात्र गॅसवरच करा. तासन् तास चुलीपुढे बसून धूर गिळण्यात पृथ्वीचं काही भलं नाही.

चोडणहून एक शेतकरी: आमची खाजन शेती, खाडीकाठी बांध घालून राखलेली. वडिलांच्या काळी कोरगूट भात पिकायचं, आता दोन वर्षांआड खारं पाणी शिरतं. कुणी म्हणतं समुद्र वाढला, कुणी म्हणतं बांध कुणी बघत नाही. खरं काय?

दोन्ही खरं आहे. यांतला कुठलाही एक भाग लपवला तर तुमचं नुकसान होईल, म्हणून नीट सांगते.

समुद्र चढतो आहे. तापलेलं पाणी फुगतं आणि जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात येतो. 1901 ते 2018 या काळात जगभरच्या समुद्राची पातळी सरासरी 20 सेंटिमीटर वाढली. आपल्या बाजूचा, म्हणजे उत्तर हिंदी महासागर 1993 ते 2017 या काळात वर्षाला सुमारे 3.3 मिलिमीटर चढला, असं पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने 2020 मध्ये निघालेल्या अहवालात आहे. पंचवीस वर्षांचे झाले आठ सेंटिमीटर. बांधाच्या उंचीपुढे आठ सेंटिमीटर काहीच नाहीत, असं वाटेल. पण तुमच्या मानसाकडे, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांकडे, बघा. त्याची दारं मोटरवर चालत नाहीत. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तेव्हा ती मिटतात, आणि ओहोटीला बाहेरची पातळी शेतातल्या पाण्याखाली गेली की आतल्या दाबाने उघडतात. पावसाचं पाणी बाहेर जायला दर ओहोटीला ठरावीक वेळ मिळतो. बाहेरची पातळी कायमची चढली की तो वेळ दर ओहोटीला थोडा थोडा कापला जातो. त्यात पाऊस थोड्या वेळात फार पडू लागला आहे, कारण हवा एका अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते. बाहेर टाकायचं पाणी वाढलं आणि वेळ घटला. मग शेत तुंबतं, बांध आतून भिजून मऊ होतो, आणि अमावास्येच्या मोठ्या भरतीला भगदाड पडतं.

हे झालं समुद्राचं. तुमचा बांध मात्र समुद्राने एकट्याने फोडलेला नाही. गावकारी (गावकऱ्यांची जुनी सामाईक संस्था) असताना बांधाची माती दरवर्षी घातली जायची, त्यासाठी माणसं आणि पैसा ठरलेला असायचा. 1964 च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क मिळाला, ते न्यायाचंच झालं. पण बांध राखण्याची जुनी सामाईक व्यवस्था विस्कटली आणि नव्या कूळ संघटनांना ती सगळीकडे सांभाळता आली नाही. मानसावर मासळी धरायचा लिलाव होतो. मासे यावेत म्हणून दारं वेळी-अवेळी उघडी ठेवली जातात आणि खारं पाणी सरळ शेतात येतं. तुम्हाला हे माझ्याहून जास्त ठाऊक असणार.

म्हणून पावसाळ्यापूर्वी संघटनेच्या बैठकीत दोन गोष्टी लावून धरा. मानसाची दारं कधी उघडायची हे मासळीचा ठेकेदार ठरवणार नाही, शेतकरी ठरवणार, अशी अट लिलावाच्या कागदातच घाला. आणि बांधाची डागडुजी कराल तेव्हा जुन्या मापाने करू नका, हातभर वर चढवा. बांधाबाहेरची कांदळ राखा, तिच्यामुळे लाटेचा जोर मोडतो आणि तिच्या मुळांत गाळ धरून राहतो. कोरगुटाचं बी गावात कुणाकडे राहिलं असेल तर ते हातचं जाऊ देऊ नका. खारेपणा सोसणारं ते भात आता तुम्हाला आणखी लागणार आहे.

बेतीहून एक वाचक: मासे खाणं चांगलं की वाईट?

कुठला मासा, यावर आहे. बांगडा आणि तारले थव्याने फिरतात. एका जाळ्यात थवाच सापडतो, म्हणून किलोमागे डिझेल फार थोडं जळतं. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या, मासळीला तर त्याहून कमी. ट्रॉलरची सुंगटं (कोळंबी) मिळवायला जाळं समुद्राच्या तळावरून तास-तास ओढावं लागतं, त्यांना किलोमागे कितीतरी पट डिझेल लागतं. मटण आणि बीफ या दोन्हींचा भार याहून जास्त, कारण रवंथ करणारी जनावरं पोटातून मिथेन सोडतात आणि तो शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट ऊब धरतो. तेव्हा बांगडा निर्धास्त खा. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत परराज्यातून बर्फात घालून ट्रकने येणाऱ्या इसवणापेक्षा (सुरमईपेक्षा) घरचा खारा बांगडा आणि सुकी मासळी बरी. मी त्या दोन महिन्यांत सुक्या सुंगटांची किसमूर करते.